सॉर्टर नवा, पण बॉक्स सगळे 'नो रीड'मध्ये (माझा अनुभव)

भिवंडीला आमचं गोडाऊन आहे, मागच्या वर्षी कन्व्हेयर आणि बारकोड सॉर्टर (बारकोड वाचून बॉक्स वेगवेगळ्या लेनमध्ये पाठवणारं मशीन) बसवला. दोन महिने झकास चाललं आणि मे लागला तसे बॉक्स सारखे नो रीडच्या, म्हणजे बारकोड वाचता न आलेल्या बॉक्सच्या लेनमध्ये जाऊन पडायला लागले, शेवटी दोन पोरं तिथे हँड स्कॅनर देऊन उभी केली, म्हणजे ऑटोमेशन करून माणसं वाढली!

व्हेंडरचा माणूस येऊन काच पुसून, सेटिंग बदलून गेला, फरक शून्य. मग मीच ते बॉक्स बाजूला काढून बघितले तर बहुतेक सगळे पत्र्याखालच्या वरच्या रॅकमधले, लेबल काळपट पडलेलं. आम्ही डायरेक्ट थर्मल लेबल वापरत होतो, दुकानातल्या पावतीसारखा कागद, उष्णतेनेच छापला जातो आणि उष्णतेनेच काळवंडतो. मग रिबनवालं थर्मल ट्रान्सफर सुरू केलं, त्यात रिबनची शाई लेबलवर उतरते (नशीब, प्रिंटरमध्ये दोन्ही चालतं), खर्च वाढला तो वाढला.

तरी थोडे राहिलेच. कोड १२८ ला (आमच्या बारकोडचा प्रकार) दोन्ही बाजूंना सगळ्यात बारीक रेघेच्या १० पट कोरी जागा लागते आणि आमचा लोगो अगदी चिकटून. उडवला. मार्केटिंगवाले अजून नाराज आहेत. आणि पॅकिंगच्या ताईंना सांगितलं की बारकोडवर चकचकीत टेप मारू नका, चमकेमुळे स्कॅनरला कोड वाचता येत नाही, तर त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना, आम्हाला वाटलं लेबल जपायचंय!"

आता त्या लेनवर एकच जण असतो, तोही बराच वेळ मोबाईलवर.