वॉर्म स्टेट सोडून मिडवेस्टला जायचं का? आधी फेब्रुवारीत जाऊन या

परवा मावशीनं मुद्दाम रंकाळ्यावर बोलवून घेतलं, भेळ हातात दिली आणि म्हणाली, "धाकट्याला डेट्रॉइटकडची ऑफर आलीया, डॅलस सोडून जायचं म्हणतोय, तिकडं गुडघ्याएवढं बर्फ पडतंय म्हणं, तू होतीस की तसल्या गारठ्यात, जाऊ दे का नको ते सांग." मी म्हटलं मावशी, जा का नको हे मी सांगणार नाही, ठरवायचं कसं तेवढं सांगते. मग रात्री त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहून टाकावं. कारण शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सुरुवात करून पुढं ऑटोमोबाइलमध्ये अमेरिकेला गेलेल्या आपल्या पोरांना कधी ना कधी मिशिगन, ओहायो, इंडियानाकडनं फोन येतोच.

आमचं सांगते. सहा वर्षं टेक्सासातलं ऑस्टिन, मग २०२१ च्या ऑगस्टात मिनेसोटातलं मिनियापोलिस. गंमत म्हणजे दोन्ही गावं एकाच हायवेवर आहेत, आय-३५, टेक्सासातल्या लरेडोपासून मिनेसोटातल्या डुलुथपर्यंत वर जाणारा. नकाशात बघून वाटतं सरळ रेघ तर आहे, जवळपास १,२०० मैल, दोन-तीन दिवसात पोचतोय की. पोचतोय खरं, पण पोचल्यावर पुढचे पाच महिने काय करायचं ते नकाशात नसतं.

पहिली गोष्ट, मिडवेस्ट मिडवेस्ट म्हणून सगळं एका पोत्यात भरू नका. तिथलं सेन्सस ब्युरो त्यात १२ राज्यं धरतं, त्यात मिसुरी पण आलं आणि नॉर्थ डाकोटा पण आलं, आणि ह्या दोघांचा हिवाळा एकच म्हणणं म्हणजे गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस एकच म्हणणं. मिसुरीतल्या सेंट लुईसला बर्फ पडतो आणि वितळून जातो, मिनियापोलिसला डिसेंबरात पडलेला खालचा थर कधीकधी मार्चमध्ये दिसतो. तेव्हा राज्य नाही, गाव बघा, आणि त्या गावाचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान बघा. मिनियापोलिसचं उणे १३ सेल्सिअसच्या आसपास. आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं ते पण बघून ठेवा, ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे ३१ आणि मिनियापोलिसला उणे ३३ झालं होतं.

आता हे आकडे वाचून घाबरू नका, कारण थंडीचं मला एवढं काही वाटत नाही. थंडीला कपडे आहेत, घरात घर गरम करणारा फर्नेस असतो, गाडीला सीट हीटर असतो. आणि वॉर्म स्टेट म्हणजे फार सुखाचं असंही नाही, २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासात चाळीस लाखांवर घरांची लाईट गेली होती, त्यात आम्ही पण होतो, चार रजया अंगावर घेऊन एका खोलीत. तिकडची घरं त्या गारठ्यासाठी बांधलेलीच नाहीत. मिनेसोटात उणे २५ ला मी घरात हाफ टीशर्टवर भाकऱ्या थापल्यात.

त्रास होतो तो उजेडाचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात आणि एकदम दुपार कुणीतरी कापून नेल्यासारखी होते. डिसेंबरात शिकागोत चार वीसला सूर्य मावळतो, मिनियापोलिसला साडेचारला, आणि सकाळी उगवतो पावणेआठच्या सुमारास. पोरगी स्कूल बसमधनं उतरायची तेव्हा मी आतला लाईट लावून बसलेली असायची. कोल्हापुरात आपण पावसाळ्यात दोन महिने ऊन बघत नाही हे खरं, पण तेव्हा निदान दार उघडं असतं, शेजारीण येते, खाली भाजीवाला ओरडतो. तिकडं खिडक्या बंद, बाहेर माणूस नाही, आवाज नाही. १०,००० लक्सचा दिवा मिळतो, सकाळी वीस-तीस मिनिटं समोर ठेवून बसायचं, मी आधी हसले होते, दुसऱ्या हिवाळ्यात गपगुमान आणला. व्हिटॅमिन डी डॉक्टरला विचारून तपासून घ्या, आपल्या रंगाच्या माणसांचं तिकडं पटकन कमी होतं.

म्हणून माझा मुख्य सल्ला एवढाच की कंपनी तुम्हाला जूनमध्ये बोलवील, सगळीकडं हिरवंगार, तळ्यात होड्या, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, तेव्हा हो म्हणून येऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटी स्वतःच्या खर्चानं तीन दिवस जा, तेव्हा बर्फ पांढरा राहिलेला नसतो, कडेला काळे ढीग, रस्त्यावर मिठाचा चिखल, बुटावर पांढरे डाग. आणि ज्याला ऑफर आलीय तो एकटा नको. दिवसभर घरात जो राहणार आहे तो आला पाहिजे आणि खरा निर्णय पण त्यानंच घ्यायचा. आमच्यात ती मी होते, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं, विचारलं म्हणजे "तुला चालेल ना?" असं विचारलं होतं, ते विचारणं नव्हे. त्या तीन दिवसात भाड्याची गाडी घेऊन तिनं किंवा त्यानं स्वतः चालवायची, लायब्ररीत जायचं, इंडियन ग्रोसरीत जायचं, संध्याकाळी पाचला पार्किंगमधनं सामान गाडीत भरायचं. एवढं करून चेहरा बरा असेल तर पुढचं बोला.

पुढचं म्हणजे व्हिसा, तो पगाराच्याही आधी. तीच कंपनी दुसऱ्या शहरात पाठवत असेल तरी एच-१बी ला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, जाण्याआधी अमेंडमेंट (कागदपत्रात बदल) लागते, कारण नवी जागा जुन्या मेट्रो एरियाच्या बाहेर आहे. ग्रीन कार्ड पर्मच्या, म्हणजे कामगार खात्याच्या मंजुरीच्या पहिल्या पायरीवर असेल तर ते जागेला बांधलेलं असतं, जागा बदलली की बहुतेक पहिल्यापासनं. नवी कंपनी असेल तर पर्म आणि आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी करायचा पुढचा अर्ज) परत, जुना आय-१४० मंजूर असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मात्र जुनी मिळते. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले नसतील तर थोडी कळ काढा, कारण त्यानंतर जुन्या कंपनीनं अर्ज मागं घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही, आणि बायकोचं एच-४ वरचं वर्क परमिट त्याच्यावरच उभं असतं. हे वकिलाला विचारा, आणि तो वकील कंपनीचा नको, आपला. शिफ्ट झाल्यावर दहा दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा, हे लोक हमखास विसरतात.

पैशाचा हिशेब कागदावर मांडा, तोंडी नको. टेक्सास, फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स शून्य. इलिनॉयला ४.९५ टक्के, मिशिगनला ४.२५, मिनेसोटात वरच्या टप्प्याला ९.८५ पर्यंत जातो. आणि एक छुपा प्रकार आहे तो म्हणजे शहराचा टॅक्स, ओहायोतल्या कोलंबसला २.५ टक्के, डेट्रॉइट शहरात राहणाऱ्याला २.४, ऑफर लेटरात हे कुणी लिहीत नाही. उलट बाजूला टेक्सासात घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के प्रॉपर्टी टॅक्स जातोय तो पण मोजा, पण इलिनॉयला जाऊन तो वाचेल असं समजू नका, तिथं पण तेवढाच आहे. २०२१ ला तीन टक्क्यांच्या आसपास होमलोन घेतलं असेल तर ते सोडून आजच्या दरानं नवीन घेणं हाच सगळ्यात मोठा खर्च निघतो कित्येकदा, स्वस्त घराचा फायदा त्यातच जातो. आणि कंपनी रिलोकेशनचे पैसे देते ते २०१८ पासून पगारासारखेच टॅक्सेबल आहेत, तेव्हा दहा हजार म्हटले की हातात दहा येत नाहीत. टॅक्स धरून वाढवून देणार का ते ईमेलवर विचारा, फोनवर नको.

सामान नेणाऱ्यांचा अनुभव आमचा बेकार आहे. कंपनीचं नाव काय सांगत नाही, पण ट्रक दारात उभा करून जास्तीचे पैसे मागितले. नंतर कळलं की नॉन-बाइंडिंग एस्टिमेट, म्हणजे नुसता अंदाजी आकडा, असेल तर सामान उतरवताना एस्टिमेटच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, उरलेलं मागाहून बिल करायचं. आणि फुकट मिळणारा इन्शुरन्स म्हणजे पौंडाला ६० सेंट. आमचा टीव्ही फुटला, चाळीस पौंडाचा, आले २४ डॉलर. सासूबाईंचा पाटा-वरवंटा मात्र वजनावर भाडं भरून धड पोचला, त्याला काय होणार.

घर पहिल्या वर्षी भाड्यानंच घ्या. विकत घेताना तळघर असणारच, तिथं रेडॉनची टेस्ट करून घ्या, जमिनीतनं येणारा गॅस, वास नाही रंग नाही, पण फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण. ४ पिकोक्युरीच्या वर आला तर पाइप-फॅन बसवायला विकणाऱ्याकडनंच पैसे घ्या. तळघरातलं पाणी बाहेर टाकणारा संप पंप चालू आहे का बघा, नाहीतर बर्फ वितळताना आपला महापूर घरातच. घरासमोरचा फुटपाथ साफ करणं तुमचं काम, मिनियापोलिसला बर्फ थांबल्यापासनं २४ तासांत, नाहीतर महापालिका करून बिल लावते.

गाडीचं थोडक्यात. टेक्सासात भरलेलं वायपरचं पाणी तिथं जाऊन गोठतं, निघायच्या आधी संपवा आणि हिवाळ्याचं भरा. जुनी बॅटरी बदला. मिठानं खालनं गंज धरतो तेव्हा वॉश घेताना खालची बाजू पण धुणारा घ्या. आणि लहान पोरांना कारसीटमध्ये जाड जॅकेट घालून बांधू नका, पट्टा सैल राहतो, आधी बांधा मग वरनं जॅकेट टाका. जॅकेट-बूट टेक्सासात घेऊ नका, तिथं जे मिळतं ते शोभेचं, मिनेसोटात तर कपड्यांवर सेल्स टॅक्स पण नाही.

पोरं नववी-दहावीच्या पुढं असतील तर मी तरी नाही म्हणेन, दोस्त तोडून नेलेलं पोरगं वर्षभर बोलत नाही. लहान असतील तर ती चार दिवसात बर्फात लोळायला लागतात, त्यांची काळजी नको. टेक्सासात शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, मिनेसोटात लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतर, तेवढे दोन-तीन आठवडे शिफ्टिंगला बरे सापडतात.

माणसं कुठं भेटणार हे पण बघा. शिकागोत काही कमी नाही, तिथलं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळ पण १९८१ ला तिथंच सुरू झालं, डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ चं. इंडियानातल्या कोलंबसला इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीमुळं पुण्याची बरीच मंडळी आहेत, आता पुणेकर शेजारी चालेल का हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण आयोवातलं छोटं गाव असेल तर कोथिंबिरीला तासभर गाडी हाणायची तयारी ठेवा. कांदा-लसूण मसाला इथनंच न्या. दही लागत नाही, पीठ फुगत नाही, तर ओव्हन बंद ठेवून आतला दिवा लावा आणि पातेलं रात्रभर आत ठेवा, सकाळी झक्कास.

आईवडिलांना हिवाळ्यात नेऊ नका, कुणी कितीही म्हटलं बर्फ बघायचाय तरी. सासूबाई डिसेंबरात आल्या, पहिल्या दिवशी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर आतनं बर्फाची जाळी धरलेली बोटानं खरवडत बसल्या, आणि पंधराव्या दिवशी तिकीट अलीकडं घ्या म्हणाल्या. मे ते सप्टेंबर एवढाच सीझन.

हे सगळं मावशीला वाचून दाखवलं. व्हिसा-टॅक्समध्ये तिला काय रस नव्हता. शेवटचं ऐकून म्हणाली, "मे महिन्यात? मग हितलं आंबं कुणी खायचं?"