सरकारी खात्याविरुद्ध दावा लावताना या चुका टाळा

कागदपत्रे भक्कम असतात, अन्यायही खरा असतो, तरीही दावा सुरुवातीलाच अडकतो. बहुतेक वेळा कारण एकच असते: कायद्याने आधी करायला सांगितलेले काही तरी राहून गेलेले असते. कुठे ती नोटीस असते, कुठे वरच्या अधिकाऱ्याकडचे अपील. ही चूक समोरच्या वकिलाला लगेच सापडते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नोटिशीचे कलम निवडताना. ‘कलम 80 ची नोटीस दिली की झाले’ असे सरसकट मानले जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 80 हे राज्य सरकार, केंद्र सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीसाठी आहे. महापालिका म्हणजे सरकार नव्हे. मुंबईबाहेरच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 487 लागते. तिथे नोटीस एक महिन्याची असते, पण दावा मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. महापालिकेच्या उत्तराची वाट पाहत बसलेल्यांचे हे सहा महिनेच हातचे जातात.

गृहनिर्माण संस्थेबाबत चूक वेगळी होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 164 ची दोन महिन्यांची नोटीस निबंधकाला, म्हणजे व्यवहारात तुमच्या भागातल्या उपनिबंधक कार्यालयाला द्यायची असते. लोक ती अध्यक्ष-सचिवांना देतात आणि निबंधकाला साधी प्रतही जात नाही. त्याही आधी पाहायचे ते हे, की वाद सभासद आणि संस्थेतला, निवडणूक, सभा किंवा कारभाराचा आहे का. तसा असेल तर तो कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो. दिवाणी न्यायालयात नेलात तर नोटीस कितीही बिनचूक असली तरी उपयोग नाही.

आता दिवस मोजण्याबद्दल. कलम 80 मध्ये ‘दोन महिने’ आहेत, साठ दिवस नव्हेत. नोटीस 5 जुलैला पोहोचली तर साठ दिवस 3 सप्टेंबरला भरतात, पण दोन महिने 5 सप्टेंबरला पूर्ण होतात. दावा 6 सप्टेंबरला किंवा त्यानंतर लावायचा. मोजणी नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून नाही, पोहोचल्याच्या तारखेपासून करायची. दोन दिवसांची घाईही महागात पडते. नोटिशीची मुदत संपण्याआधी लावलेला दावा टिकत नाही, मग तो सुनावणीला येईपर्यंत दोन महिने उलटून गेलेले असले तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये बिहारी चौधरी प्रकरणात स्पष्ट केले आहे. दावा लावण्याची मुदत उलटून जाईल या भीतीने घाई करू नका. मुदत कायद्याच्या कलम 15(2) प्रमाणे नोटिशीचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो.

नोटिशीत वादीचे नाव, ओळख, राहण्याचा पत्ता, दाव्याचे कारण आणि मागितलेली दाद एवढे हवेच. सातबाऱ्यावर तीन भाऊ असतील आणि तिघेही वादी होणार असतील तर नोटिशीत तिघांची नावे लिहा. नोटिशीत फक्त नुकसानभरपाई मागायची आणि वादपत्रात, म्हणजे न्यायालयात दाखल करायच्या दाव्याच्या कागदात, मालकीची घोषणाही घालायची, हे करू नका. कलम 80(3) मुळे तांत्रिक उणिवेवरून दावा फेटाळला जात नाही हे खरे, पण कारण आणि दाद मुळातच वेगळी असेल तर ते कलम वाचवत नाही. राज्य सरकारसाठी नोटीस सचिव किंवा जिल्हाधिकारी यांना द्यायची. रेल्वेसाठी ती त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना जाते, स्टेशनमास्तरला नाही. अधिकाऱ्यालाही प्रतिवादी करणार असाल तर त्याच्या कार्यालयात वेगळी प्रत द्या.

शक्य असेल तिथे स्वतः जाऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. नुसती सही पुरेशी धरू नका, ती कोणाची हे नंतर कोणी सांगत नाही. नोटीस दिल्याचे वादपत्रात लिहिणेही कायद्याने बंधनकारक आहे. नोटीस दिलेली असते, पण हे एक वाक्य राहून जाते.

उद्याच बुलडोझर येणार असेल तर? कलम 80(2) खाली न्यायालयाची परवानगी मागून नोटिशीशिवाय दावा लावता येतो. त्यासाठी वेगळा अर्ज करा आणि तातडी तारखांनिशी मांडा. सरकारला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय अंतरिम, म्हणजे तात्पुरता हुकूमसुद्धा मिळत नाही, हे लक्षात घेऊन कागद आधीच तयार ठेवा. तातडी पटली नाही तर वादपत्र नोटीस देऊन पुन्हा दाखल करण्यासाठी परत मिळते.

महसुली प्रकरणात नोटीस पुरत नाही. 1876 च्या महसूल अधिकारिता अधिनियमाचे कलम 11 आजही लागू आहे. महसूल अधिकाऱ्याच्या कृतीवरून सरकारविरुद्ध दावा लावायचा तर उपलब्ध अपिले आधी केल्याचे सिद्ध करावे लागते. मंडळ अधिकाऱ्याच्या आदेशावर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील साठ दिवसांत करायचे. आदेशाची नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यात धरत नाहीत, म्हणून नकलेवरच्या अर्जाच्या आणि तयार झाल्याच्या तारखा जपा. मात्र भावाभावांत मालकीचाच वाद असेल तर फेरफाराच्या अपिलांत वर्षे घालवू नका. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवते.

सरकारी नोकरांचे नुकसान होते ते निवेदनांमुळे. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 20 प्रमाणे सेवानियमांतले अपील आधी करावे लागते. त्यावर सहा महिने निर्णय झाला नाही तर मॅटची, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची, वाट मोकळी होते आणि तिथून एक वर्षाची मुदत सुरू होते. दुसरे, तिसरे, चौथे स्मरणपत्र पाठवल्याने ती वाढत नाही.

थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. अपिलाची सोय असताना रिट साधारणपणे ऐकली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या व्हर्लपूल निकालात अपवाद सांगितले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, म्हणणे न ऐकता दिलेला आदेश, अधिकारच नसताना दिलेला आदेश किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. तुमचे प्रकरण यात बसत असेल तर याचिकेच्या पहिल्या पानांतच ते लिहा.

नोटिशीविना किंवा वेळेआधी दावा लावून बसला असाल तर तो फेटाळला जाण्याची वाट पाहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 नियम 1(3) खाली नवा दावा लावण्याची मुभा मागून तो काढून घ्या आणि योग्य नोटीस द्या. तसा अर्ज करण्याआधी दावा लावण्याची मुदत मात्र मोजा. आदेश 23 नियम 2 प्रमाणे नव्या दाव्याची मुदत पहिला दावा लावलाच नव्हता असे धरून मोजतात.