गेटवर कुणाला काय विचारायचं: सोसायटीच्या कमिटीसाठी

मी ठाण्यातल्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. एखादी चोरी झाली की दुसऱ्याच दिवशी कडक नियमांची मागणी येते आणि ते नियम नेमके मोलकरणी, डिलिव्हरीची पोरं आणि वेगळ्या पोशाखातले पाहुणे यांच्यावरच चालवले जातात. म्हणून ठराव लिहिण्याआधी एक कसोटी लावा: हाच नियम माझ्या जावयाला लावताना मला चालेल का?

पाहुणा आला की वॉचमनने इंटरकॉमवर घरी विचारायचं. घरच्यांनी ‘सोडा’ म्हटलं की सोडायचं. ओळख पटवायची जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे, त्यामुळे बुरख्यातल्या बाईंना चेहरा दाखवायला सांगायची गरजच पडत नाही. शीख पाहुण्याचं कृपाण काढून ठेवायला लावू नका. ते धारण करणं हा शीख धर्माचा भाग असल्याचं संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. वॉचमनला हे आधीच सांगून ठेवा, गेटवर वाद सुरू झाल्यावर नाही.

रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ पुरते. त्यात मोबाईल नंबर लिहून घेतला, तर पुढच्या पाहुण्याला तो वाचता येतो, आणि एकट्या राहणाऱ्या मुलींना याचा त्रास होतो. आधारची झेरॉक्स तर गेटवर मुळीच मागू नका. रोज येणाऱ्या कामगारांसाठी ओळखपत्र हवंच असेल, तर मास्क्ड आधार घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलं आहे.

पिशव्या तपासण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त तापतो. कामवाल्या मावशींची पिशवी सगळ्यांसमोर उघडायची आणि लॅपटॉपची बॅग सलाम ठोकून सोडायची, हा उघड अपमान आहे. त्याऐवजी चिठ्ठीची पद्धत ठेवा. जुना पंखा, भांडी, कपडे, जे काही दिलं असेल त्याची चिठ्ठी देणाऱ्याने सही करून द्यायची. मोठी वस्तू बाहेर जाताना वॉचमन चिठ्ठी मागेल, मग ती मावशींच्या हातात असो की मेंबरच्या.

कॅमेरे गेट, पार्किंग, लिफ्ट आणि जिन्यात ठीक. कुणाच्या दाराकडे रोखलेला कॅमेरा नको. फुटेज बघायला लेखी अर्ज हवा आणि कमिटीचे दोन जण समोर हवेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही क्लिप जाता कामा नये.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायलाच हवी. ती ऑनलाइन भरता येते. पण फ्लॅट भाड्याने द्यायला आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं. तेव्हा भाडेकरूचा धर्म किंवा स्वयंपाकघरात काय शिजतं, हे कमिटीने विचारूच नये.

रात्री मोठं गेट बंद झालं तरी छोटं वर्षभर उघडं ठेवा. रमजानमधल्या रात्रीच्या तरावीहच्या नमाजावरून, नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेवरून (मिडनाइट मास) किंवा गणपतीच्या आरतीवरून उशिरा परतणाऱ्याला दरवेळी परवानगी मागावी लागू नये.

हे सगळं मराठी आणि हिंदीत लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. खाली कमिटीतल्या दोघांचे फोन नंबर द्या, त्यातला एक बाईचा. अडलं की वॉचमनने स्वतः ठरवायचं नाही, फोन करायचा.