मिस मॅक्लाउड्स रीलचं मूळ शोधताना: आधी सूर, मग नाव

आयरिश फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) धुनांचं मूळ नावावरून शोधू नका. 'मिस मॅक्लाउड्स रील' ही नाचाची जलद धून आयर्लंडमध्ये इतकी रुळली आहे की तिथलीच वाटते. पण गाउ या स्कॉटिश फिडलवादक-प्रकाशक घराण्याच्या १८०९ च्या पाचव्या संग्रहात ती 'मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे' म्हणून छापलेली आहे, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची अस्सल रील अशा नोंदीसह. अमेरिकेत तीच 'हॉप हाय लेडीज'. आणि १८०९ हे छपाईचं साल, जन्माचं नव्हे.

खरा घात पट्टीत होतो. गाउकडे रील ए मध्ये आहे (म्हणजे ए हा सा), आयरिश वादक ती बहुतेक जी मध्ये वाजवतात. दोन्ही नोटेशन शेजारी ठेवली की एकही स्वर जुळत नाही, आणि नवखा माणूस 'या दोन वेगळ्या धुना' म्हणून मोकळा होतो. म्हणून तुलनेआधी सगळं सरगममध्ये उतरवा, आधारस्वर सा धरून. आयरिश रूपाचा पहिला बार (तालाचा खंड): सा – ग सा, प, सा ग सा. दुसऱ्यात ग वर मुक्काम, चौथ्यात रे वर. हा सांगाडा जुळला तर धून एकच, मधले स्वर कितीही बदलोत. रोल, म्हणजे एका स्वराभोवती शेजारच्या स्वरांना झटकन स्पर्श करणारी सजावट, तीन जलद स्वरांची जागा खातो. तो सांगाड्यात एकच लांब स्वर म्हणून लिहा, नाहीतर प्रत्येक वादकाचं 'वेगळं रूप' निघेल.

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवर तर पट्टीचा भरवसाच नाही. तबकडी जरा जलद फिरली की जी चढून ए च्या जवळ जातो. मोकळ्या तारा ऐका: खालची जी तार घुमत असेल तर वादकाची बोटं जी मध्येच आहेत. वेग कमी करणारं ॲप रोल मोजायला उत्तम, पट्टी ठरवायला निरुपयोगी.

'हेच एक खरं रूप' म्हणणाऱ्या गुरूपासून लांब राहा. तीच धून दोन तऱ्हांनी वाजवून दाखवणारा धरा. सुरुवातीला दोन रील एकसारख्याच वाटतील. घाबरू नका, सांगाडे लिहीत गेलात की कान आपोआप तयार होतो.

बहुतेक रूपांत या रीलचा भाग रे वर येऊन पुन्हा सुरुवातीला वळतो. थांबताना वादक शेवटी सा जोडतात. तो सा पाठभेद म्हणून नोंदवू नका.