मे महिन्यात डार्करूममध्ये कृष्णधवल प्रिंट कसा काढावा

अंधारी खोली, ट्रेपासून चार फुटांवर लाल दिवा, एन्लार्जर (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारं यंत्र) आणि आरसी कागद (प्लॅस्टिकचा थर असलेला फोटोचा कागद) एवढं तुमच्याकडे आहे, असं धरतो. निगेटिव्ह पुसून लावा, फोकस करा, लेन्सचं छिद्र एफ आठ या मापावर आणा. आधी कागदाची पट्टी घ्या. तिच्यावर चेहरा यायला हवा, कोपऱ्यातली भिंत नव्हे. पुठ्ठा सरकवत एन्लार्जरच्या उजेडाचे पाच-पाच सेकंदांचे पाच टप्पे द्या. पट्टी धुऊन निघाली की जो टप्पा नीट दिसेल, तेवढा उजेड प्रिंटला द्यायचा.

आता डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण. इथं माझे दोन उन्हाळे वाया गेले. बाटलीवरची वेळ 20 अंश सेल्सिअसची असते आणि लातूरला मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात कालवलेल्या डेव्हलपरमध्ये कागद बघता बघता काळा पडायला लागतो. मी घाबरून चिमट्याने उचलायचो. उजेडात पाहिलं, तर आजीची काळी चंद्रकळा राखेसारखी आणि कपाळावर ढगाळ डाग. अर्धं पाकीट असंच गेलं.

‘गडद दिसला की काढा’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. लाल दिव्याखाली प्रिंट असतो त्यापेक्षा गडद दिसतो. 20 अंशांना आरसी कागदाला एक ते दीड मिनिट लागतं, ते पूर्ण द्या. ट्रे सतत हलवत राहा. प्रिंट गडद आलाच, तर पुढच्या कागदाला एन्लार्जरचा उजेड कमी द्या. डेव्हलपरमधली वेळ कापायची नाही.

पाणी गार करायला माठ. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे माठ झिरपून चांगला गार पडतो. रात्री भरलेल्या माठातल्या पाण्यात पहाटे डेव्हलपर कालवा आणि ट्रे माठाच्याच पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा. तरी पारा उतरला नाही, तर बंद पिशवीत बर्फ घालून ती परातीत सोडा. डेव्हलपरमध्ये बर्फ कधीच टाकू नका. तो वितळला की द्रावण किती पातळ झालं ते कळत नाही. मी 24 अंशांपर्यंत काम करतो, पण पट्टी आणि प्रिंट एकाच तापमानाला. पट्टी 21 ला आणि प्रिंट 27 ला काढला, तर पट्टी काढून उपयोग काय?

मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, दहा सेकंद. त्यानंतर चित्र पक्कं करणारा फिक्सर, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ.

धुताना नळ सोडून ठेवू नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून मी ट्रेतच धुतो: एकेक मिनिट हलवायचं, पाणी बदलायचं, असं चार वेळा. आरसी कागदाला तेवढं पुरतं. प्लॅस्टिकचा थर नसलेल्या फायबर कागदाला तासभर धुवावं लागतं, म्हणून तो मी पावसाळ्यानंतरच काढतो. शेवटचं पाणी मात्र फिल्टरचं घ्या. बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके वाळल्यावर दिसतात, आणि नेमके काळ्या भागावर.