पॉइंट रेयसला समुद्राकाठी मुक्कामी जाताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयस या राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर पाठपिशवी घेऊन मुक्कामाला जातो. बे एरियातली आपली मंडळी हल्ली मोठ्या संख्येने तिकडे येतात, याचा मनापासून आनंद आहे. पण दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका बघतो आणि जीव कासावीस होतो. त्यातली एक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ओहोटीची वेळ बघणं, उंची न बघणं

पालोमारिनच्या गाडीतळावरून कोस्ट ट्रेल नावाच्या पायवाटेने साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर चाललं की वाइल्डकॅट कॅम्प येतो. गाडी तिथवर जात नाही. कॅम्पवरून वाळूत उतरून समुद्राकडे तोंड केलं की डाव्या हाताला मैलभरावर अलामीर धबधबा आहे. कड्यावरून थेट पुळणीवर पडणारं पाणी बघायलाच बहुतेक जण येतात. या मैलभरात एका बाजूला पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूला उभा कडा. भरतीला मधली वाळू नाहीशी होते.

आम्ही सहा जण ऑगस्टमधल्या अमावास्येच्या आसपास गेलो होतो. ओहोटी संध्याकाळी 5:20 ला, एवढं मी फोनवर पाहिलं होतं. आमच्यातला एक जण गुहागरकडचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आजोबांचा हिशोब त्याने मांडला आणि तोही साधारण जुळला. दोघांचं एकमत झालं आणि आम्ही निर्धास्त निघालो.

इथली मेख अशी, की या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल जाते, दुसरी अर्धवटच. उन्हाळ्यात खोल ओहोटी बहुधा पहाटे-सकाळी असते आणि संध्याकाळची उथळ. हिवाळ्यात याच्या उलट. आमच्या त्या 5:20 च्या पुढे पाण्याच्या उंचीचा 2.6 फूट असा आकडा होता. मी तो वाचलाच नव्हता. शिवाय अमावास्येचं उधाण, म्हणजे रात्रीची भरती सहा फुटांवर जाणार होती.

सूर्यास्त बघायला म्हणून धबधब्यापाशी रेंगाळलो. पावणेआठला परत फिरलो, तर येताना जिथून गप्पा मारत आलो होतो तिथे लाटांचा फेस कड्याच्या पायथ्याला लागत होता. एका ठिकाणी कडा थोडा पुढे आलाय. दहा-पंधरा पावलांचाच तो टप्पा, पण ओलांडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. लाट मागे गेली की दोघांनी पळायचं, बाकीच्यांनी कड्याला पाठ लावून थांबायचं. वरून सुपारीएवढे खडे सुटत होते. तिसऱ्या जोडीला मांडीपर्यंत पाणी लागलं आणि परतणाऱ्या लाटेने एकीचे पाय वाळूतून उचलले. मी तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरला म्हणून ती सापडली. त्या पट्ट्याची शिवण माझ्या मुठीत उसवल्याचं आजही आठवतं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. घरून निघतानाच नोआ या अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून त्या दोन दिवसांच्या वेळा आणि उंची दोन्ही कागदावर लिहून घेतो, कारण कॅम्पवर फोनला रेंज मिळत नाही. एक फुटाच्या खाली ओहोटी असेल तरच धबधब्याकडे जातो, ओहोटीच्या तासभर आधी निघतो आणि पाणी वळायच्या वेळेला परत फिरतो. लाटा मोठ्या असतील तर आकडा कितीही चांगला असो, जात नाही. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा पुळणीवर उतरलो. आदल्या संध्याकाळी जिथे मांडीभर पाणी होतं, तिथे चाळीस-पन्नास पावलं रुंद ओली वाळू पसरली होती.

आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. शांत दिसणाऱ्या पाण्यातून मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर चढून येते. अलिबाग-काशीदच्या सवयीने गुडघाभर पाण्यात उभं राहायची ही जागा नाही. पाणी उन्हाळ्यातही 10 ते 13 अंशांचं असतं, हातपाय लगेच आखडतात.

धबधब्याचा ‘शॉर्टकट’

कोस्ट ट्रेलवरून थेट धबधब्याच्या माथ्यावर उतरणारी एक पायवाट इंटरनेटवर सगळीकडे सांगितलेली सापडते. वाइल्डकॅटला वळसा घालायला नको, दोन-अडीच मैल वाचतात, म्हणून नवी मंडळी हमखास तिकडे वळतात. ही वाट उद्यानाची नाही, तिची देखभाल होत नाही आणि उद्यान प्रशासन स्वतः ती वापरू नका म्हणून सांगतं. सह्याद्रीत फिरलेल्यांना मी हे मुद्दाम सांगतो. आपल्या हाताला काळ्या कातळाची सवय आहे, खोबण दिसली की आपण भार टाकतो. इथला दगड गाळाचा. पकडलेली खोबण हातात येते. चाल कमी हवी असेल तर मुक्काम गाडीतळापासून जवळ असलेल्या कोस्ट कॅम्पला करा. तो लगुना ट्रेलने दोन मैलांच्या आत आहे आणि लहान मुलांनाही झेपतो.

त्या पायवाटेवर दोन्ही बाजूंनी पॉयझन ओक नावाचं झुडूप माजलेलं असतं. आपल्याकडे बिब्बा उततो ना, तसंच ते अंगावर उततं, आणि बिब्ब्याच्याच कुळातलं आहे. तीन-तीन पानांचे झुबके ओळखायला शिका. हिवाळ्यात पानं झडतात, पण नुसत्या काड्याही तेवढ्याच वाईट. मी उन्हाळ्यातही लांब पँट घालतो आणि घरी आलो की कपडे थेट धुवायला टाकून साबण-गार पाण्याने हातपाय घासतो.

खाणं तंबूत ठेवणं

प्रत्येक जागेवर धातूची पेटी दिलेली असते. चकली, लाडू, चहाची साखर, टूथपेस्ट, सगळं तिच्यात, दिवसासुद्धा. रकून रात्री येतात, डोमकावळे भर दुपारी. कावळ्याने पाठपिशवीची चेन चोचीने ओढून मेथीचे ठेपले बाहेर काढलेले मी समोर पाहिलेत. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून पेटी उघडी टाकू नका.

बाकीच्या, थोडक्यात

जुलै-ऑगस्ट म्हणजे ऊन, असं धरू नका. या किनाऱ्यावर तेव्हा धुकं आणि वारा असतो. उबदार दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळतात.

जीन्स आणि सुती टी-शर्ट नको. धुक्यात भिजले की रात्रभर वाळत नाहीत.

आरक्षणाशिवाय जाऊ नका. शनिवारच्या जागा महिनोन्‌महिने आधी जातात.

कॅम्पवर लाकडाची शेकोटी चालत नाही, गॅसची शेगडी न्या. 2020 च्या ऑगस्टमध्ये या उद्यानात वीज पडून वुडवर्ड वणवा लागला होता.

नळाचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्या. नळ चालू आहे का, हे निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा.

नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. आणि निघण्याआधी घरच्या आवारात एकदा तंबू उभा करून बघा, कारण वाइल्डकॅटला पोहोचाल तेव्हा समुद्राचा वारा सुटलेला असेल आणि खुंट्यांची पिशवी उघडायला आधी कापडावर कोणालातरी बसवावं लागेल.