म्हातारे मांजर एकाएकी घाबरू लागले तर करावयाची तयारी

आमची मनी चौदा वर्षे इंदूरच्या रामबागेतील घराच्या ओट्यावर, गच्चीवर आणि शेजारच्या तीन-चार अंगणांत मनसोक्त हिंडली. एके वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून बसलेली आढळली. हाक मारली तरी बाहेर येईना, आणि पाठीवरून हात फिरवताच दचकून फिस्कारली. आदल्या दिवशी राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली होती, गल्लीतही ढोल वाजले होते. त्यामुळे तिने आवाजाची धास्ती घेतली असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले आणि तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिचा रक्तदाब मोजला तेव्हा तो फार वाढलेला निघाला, आणि दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटल, म्हणजे आतला पडदा, सुटल्यामुळे तिला दिसेनासे झाले होते. उपचार लवकर सुरू झाले तर काही मांजरांची दृष्टी थोडीफार परत येते. आम्ही ते तीन दिवस घालवून बसलो होतो. पुढील तयारी त्या अनुभवातून उतरली आहे, आणि दहा-अकरा वर्षांपुढचे मांजर ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती मांजर ठणठणीत असतानाच करून ठेवावी.

पहिली तयारी मनाची आहे. म्हाताऱ्या मांजराचे अचानक आलेले भय हे आजाराचे लक्षण आहे, असे तपासणीत उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालावे. कुत्रा मागे लागला असेल, फटाके वाजले असतील, नवा बोका हद्दीत शिरला असेल; ही कारणे खरी असू शकतात, पण ती आपल्याला चटकन सुचतात म्हणून त्यांच्यावर थांबू नये. मांजर दुखणे लपवते. उतारवयातील बहुतेक मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली असते, आणि उडी मारून निसटता येणार नाही हे कळल्यावर तेच मांजर पूर्वी ज्याला जुमानत नसे त्या प्राण्यालाही भिऊ लागते. मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइडचे प्रमाण वाढणे, रक्तदाब, बहिरेपणा, किडलेल्या दातांची कळ, आणि माणसाप्रमाणेच म्हातारपणी होणारा स्मृतिभ्रंश यांपैकी कोणतेही कारण भीतीच्या रूपाने बाहेर येऊ शकते. बोक्याशी झालेल्या भांडणातील चावा वरून टाचणीएवढा दिसतो आणि दोन-चार दिवसांनी आत पू धरतो.

घरात एक लहान खोली किंवा न्हाणीघर अशा वेळेसाठी नेमून ठेवावे. बाहेर राहणाऱ्या मांजराला सर्वप्रथम आत आणणे आवश्यक असते, कारण आजारी मांजर एखाद्या पडक्या भिंतीआड किंवा गाडीखाली जाऊन बसले की ते शोधण्यातच दिवस जातो. खोलीची खिडकी बंद होत असावी. उभे केलेले खोके, न धुतलेले जुने अंथरूण, पाण्याचे पसरट भांडे आणि वाळू भरलेला कमी काठाचा ट्रे एवढे साहित्य पुरते. सांधे दुखणाऱ्या मांजराला उंच काठ ओलांडवत नाही, ही गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. रात्री मंद दिवा ठेवावा. मांजराला दिसत नसल्याचा संशय असेल तर सामान जागचे हलवू नये आणि स्पर्श करण्यापूर्वी बोलावे. लपलेल्या मांजराला पाय धरून ओढून काढणे कटाक्षाने टाळावे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे कुलर बसवले जातात. त्या खोलीत कुलरची घरघर नसेल हेही पाहावे.

निरीक्षणासाठी एक वही आणि मोबाइलचा कॅमेरा हाताशी असू द्यावा. दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगडासारखे बसते आणि घरी ते कसे वागत होते हे डॉक्टरांना दिसत नाही. म्हणून चालताना, वळताना, दचकताना असे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवावेत. बदल कोणत्या दिवशी दिसला, शेवटचे कधी खाल्ले, पाणी नेहमीपेक्षा जास्त पिते का, लघवी कधी आणि किती झाली, हे वेळेसह लिहावे. उजेडातही बुबुळे काळीभोर आणि मोठी राहत असतील तर ते ठळकपणे नोंदवावे. दृष्टीची साधी परीक्षा कापसाने होते: बोंडाएवढा कापूस मांजरासमोर अलगद खाली सोडावा, दिसत असेल तर नजर त्याच्याबरोबर खाली जाते. डोळ्यांसमोर हात हलवून पाहू नये, कारण हवेची झुळूक मिशांना लागते आणि दिसत नसतानाही मांजर प्रतिसाद देते. आम्ही नेमके याच परीक्षेवर विसंबून फसलो होतो. झोपेत असताना श्वास मोजावा; मिनिटाला ३० पेक्षा अधिक भरल्यास डॉक्टरांना कळवावे.

त्याच वेळी शेजारी विचारपूस करावी. कोणी उंदरांचे औषध ठेवले आहे का, अंगणात कीटकनाशक फवारले आहे का, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचीडनाशक थेंब कोणी मांजरावर वापरले नाहीत ना, हे आरोपाच्या सुरात न विचारता सरळ विचारावे, म्हणजे सरळ उत्तर मिळते. त्या थेंबांतील परमेथ्रिन मांजराला विषारी असून त्याने थरथर आणि झटके येतात. वेष्टन मिळाल्यास ते सोबत न्यावे. घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. दुखत असेल म्हणून माणसाचे कोणतेही औषध देऊ नये.

रेबीजचा विचार अप्रिय असला तरी बाहेर हिंडणाऱ्या मांजराच्या बाबतीत तो केलाच पाहिजे. लसीकरणाचे कार्ड कुठे आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. लस चुकली असेल, आणि मांजर एकाएकी लपून अंगावर येऊ लागले, लाळ गाळू लागले किंवा त्याचा आवाज बदलला, तर उघड्या हाताने त्याला धरू नये, मुलांना दूर ठेवावे आणि डॉक्टरांना आधी फोनवर ही शंका स्पष्ट सांगावी. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे.

नेण्याच्या साधनाकडे आमच्यासारखे बहुतेक जण शेवटच्या क्षणी वळतात. वरून उघडणारी, घट्ट झाकणाची टोपली घ्यावी आणि ती एरवीही खोलीत उघडी ठेवावी, म्हणजे मांजर तिच्यात झोपू लागते. जाताना टोपलीवर चादर टाकावी आणि शक्यतो रिक्षाऐवजी कारने जावे. मांजर पाहणाऱ्या दोन दवाखान्यांच्या वेळा आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक दाराजवळ लावून ठेवावा. इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, महू येथे १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जायचे झाल्यास वेळ आधी विचारून घ्यावी.

काही लक्षणांत सकाळची वाट पाहू नये. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मागचे पाय अचानक लुळे व थंड पडणे, झटके, पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, एकाएकी आंधळे झाल्यासारखे धडपडणे, आणि बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसूनही लघवी न होणे, यांत तासांचा प्रश्न असतो. पूर्ण दिवस काहीच न खाल्लेल्या मांजरालाही दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

डॉक्टरांकडे काय मागायचे तेही लिहून न्यावे: रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंड व थायरॉइडसाठी रक्त, लघवी, दात आणि सांधे. रक्तदाब मोजण्यापूर्वी मांजराला पाच-दहा मिनिटे शांत बसू द्यावे आणि चार-पाच वेळा मोजून सरासरी काढावी, अशी विनंती करायला संकोचू नये. घाबरलेल्या मांजराचा आकडा एरवीही चढलेला असतो. वरचा आकडा १६० च्या पुढे सतत राहिला तर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांना धोका असतो.

परत आल्यावर टोपली त्याच खोलीत उघडावी, ओट्यावर नव्हे. घरात दुसरे मांजर असेल तर दवाखान्याच्या वासामुळे ते फिस्कारण्याची शक्यता असते, म्हणून एक रात्र दोघांना वेगळे ठेवावे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजायला जाण्याची तारीख त्याच वहीत लिहावी. मनीची दृष्टी आली नाही, पण गोळी लागू पडल्यावर दोन आठवड्यांत ती टाकीमागून बाहेर आली, आणि भिंतीला मिशा लावत न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट तिने पाठ केली.